उस्तादांचा अळंबीचा चहा

"आठवडाभर हा चहा घेतो, मग गुडघा कसा पळतो ते बघच!" उस्तादांनी बरणी उंच धरून बायकोला सांगितलं.

बरणीत सुकवलेल्या अळंबीचे तुकडे होते. पाठवले होते मेहुणीनं. हे उकळून प्यायलं की सांधे तरुण होतात, असं तिचं म्हणणं, आणि मेहुणीचा शब्द उस्तादांनी कधी खाली पडू दिला नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. गुडघ्यात एक इंजेक्शन! उस्ताद बूट शिवायचे. दिवसभर जाड चामड्यातून सुई आरपार घालायचे, पण स्वतःला सुई टोचणार म्हटलं की त्यांची गाळण उडायची.

"फरक पडला नाही, तर मुकाट्यानं डॉक्टरांकडे जायचं," बायकोनं बजावलं. "आणि तो वास माझ्या स्वयंपाकघरात नको!"

मग बरणी घराच्या पुढच्या खोलीतल्या उस्तादांच्या दुकानात गेली. तिथे अगदी तशाच बरणीत बुचाचे तुकडे असत, बुटाच्या तळात दोन थरांमध्ये भरायला. हेही तपकिरी, तेही तपकिरी. दोन्ही हलके.

"अहो, एखादी चिठ्ठी तरी चिकटवा!"

"अगं, जन्म गेला या धंद्यात! बोटांना डोळे आहेत माझ्या!" चष्मा कपाळावर सरकवत उस्ताद म्हणाले.

सरस वितळवायच्या शेगडीवर रोज सकाळी चहा उकळू लागला. तुकडे काही बुडायचं नाव घेईनात. चमच्यानं दाबले की पुन्हा वर! "बघ, केवढी ताकद आहे!" उस्ताद म्हणाले. चव जुन्या कपाटासारखी होती. पण औषध कधी चवीला चांगलं असतं का? दोन-तीन दिवसांत उस्ताद न कण्हता उठू-बसू लागले. गिऱ्हाइकांना गुडघा वाकवून दाखवू लागले. शेजारच्या घड्याळजीलाही कप सुरू झाला. त्याचा थरथरणारा हात म्हणे एकदम स्थिर झाला!

आतून दुधाच्या चहाचा वास आला, की मात्र उस्तादांचा जीव कासावीस व्हायचा.

आठवडा संपत आला आणि खुद्द डॉक्टर दारात उभे राहिले. एक पाय उंच, एक पाय खाली, आणि मागे एक कुत्रा.

"उस्ताद, नव्या बुटात भरलंय काय तुम्ही? काल पाण्यात भिजले, तर एक टाच फुगून वर आली! आणि हा सकाळपासून माझा पिच्छा सोडत नाही!"

उस्तादांनी शिवण उसवली. आतून टम्म फुगलेली अळंबी बाहेर आली. कुत्र्यानं तिथेच बैठक मारली.

"हा वास तर मला ओळखीचा वाटतोय," बायको दारातून म्हणाली. मग तिनं शेगडीवरच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. "अहो, मग इतके दिवस तुम्ही प्यायलात काय?"

उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बूच!" डॉक्टर हसून हसून स्टुलावरच बसले. "घाबरू नका. बाधणार नाही, पण गुणही येणार नाही."

"पण गुडघा खरंच बरा आहे हो!" उस्ताद तावातावानं उठले, बसले, उठले, आणि पुन्हा बसले ते उठेचनात. डॉक्टरांनी एका हाताला धरलं, बायकोनं दुसऱ्या. वरात सरळ दवाखान्यात!

इंजेक्शन म्हणजे मुंगी चावल्यासारखं निघालं. ओरडायला उघडलेलं तोंड उस्तादांनी गपचूप मिटलं. घरी आल्यावर बायकोनं दुधाचा, चांगली साखर घातलेला चहा हातात दिला. पहिल्याच घोटाला उस्तादांना इतकं बरं वाटलं, की मेहुणीचासुद्धा राग आला नाही.

तेवढ्यात घड्याळजी धापा टाकत आला. "उस्ताद, आज माझा कप राहिला की! बघा, हात परत थरथरायला लागला!"

उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला.

उस्ताद उठले. त्यांनी पातेलं शेगडीवर चढवलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि दोन्ही बरण्या नीट निरखून त्यातले बुचाचेच तुकडे टाकले!