गटार पास झाली

गावात कुणाचं पोट बिघडणार, हे त्याच्या आधी मला कळतं! हसू नका. मी ज्योतिषी नाही, सोनगीरजवळच्या एका छोट्या गावातला आरोग्य खात्याचा कंत्राटी माणूस आहे. दर सोमवारी गटारीचं पाणी बाटलीत भरायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि धुळ्याच्या प्रयोगशाळेला पोचवायचं, हे माझं काम. माणूस आजार लपवतो, गटार लपवत नाही. डॉक्टरच्या दारात रांग लागायच्या आत तिच्यातल्या जंतूंवरून साथ कळते. "गटार खोटं बोलत नाही!" हे वाक्य मी गावात इतक्यांदा ऐकवलं, की मी दिसलो की पोरं तेच ओरडायची.

तेच माझ्या मुळावर आलं.

झालं असं, की आमच्या गल्लीतल्या वाल्मीकनानांच्या साक्षीचं लग्न ठरलं. मुलगा सावद्याचा. मंगल परिणय गल्लीतच, मागून वरण-बट्टीची पंगत आणि मठ्ठा. पोरीच्या काळजीने नाना आधीच अर्धे झालेले. त्यात शेजारच्या गल्लीत दोन-चार जणांना जुलाब सुरू झाले, आणि नाना धावत माझ्याकडे आले.

"प्रशील, पाव्हना सावदाथून ई ऱ्हायनात. पानी बरं शे ना? काही व्हयनं तं पोर जनमभर टोमना ऐकी!"

"नाना, सोमवारी आपल्या गटारीची तपासणी करतो. गटार खोटं बोलत नाही! रिपोर्ट वाईट आला, तर पंगतीला पाण्याचे जार मागवू."

तपासणी म्हणालो, तिथेच चुकलो. आमच्याकडे तपासणी म्हटली की रस्त्याच्या कडेला चुन्याची फक्की पडते आणि शाळेच्या भिंतीला रंग लागतो. गल्लीने एकमुखाने ठरवलं, ऐन लग्नात आपली गटार नापास होता कामा नये!

सोमवारी बाटली घेऊन पोचलो, तर गटार ओळखू येईना! नवरीच्या आधी गटारीलाच नटवलं होतं. फावड्यांनी गाळ खरवडलेला, टँकर मागवून धुतलेली, वर ब्लीचिंग पावडर आणि फिनेल. दोन्ही कडांना फक्की. नानांच्या दारापुढे तर काठाला रांगोळी! नानांच्या घरच्या लिलाबाई पदर खोचून उभ्याच होत्या.

"भर भाऊ बाटली! बठ्ठी गल्ली सकाळपाइन लागेल शे."

"अहो काकू, हे काय केलं? मला घाण पाहिजे होती, घाण!"

"इज्जतना सवाल शे. आमनी घान धुळापावत कसाले ली जास?"

मी कपाळावर हात मारला. खाली नाल्यापर्यंत पळालो, तर फिनेलचा फेस माझ्याआधी तिथे पोचलेला. धुळ्याची गाडी सुटायला आली होती. तीच बाटली डब्यात ठेवली आणि प्रयोगशाळेला फोन करून विनवलं, की हा नमुना धरू नका. त्यांनी धरला. रिपोर्ट आला, रोगजंतू आढळले नाहीत. आढळतील कसे? त्या पाण्यात बेडूकही जगला नसता!

"नाना, या रिपोर्टवर जाऊ नका. जार मागवा, निदान पाणी तरी उकळा!"

नाना माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. "आते तू माले शिकाडस का? गटार खोटं बोलत नही!"

मागून पोरांनी सूर धरला. 

लग्नाच्या सकाळी नळाला आठवड्याने पाणी आलं, तेही मातकट. आचाऱ्याने त्यातच मठ्ठा घुसळला. वऱ्हाडात कुणीतरी मठ्ठ्याला नाक मुरडलं, आणि नानांनी मला भर मांडवात उभं केलं.

"हाऊ आमना आरोग्यवाला शे! याले पुसा. पी भाऊ, पह्यला गिलास तू पी!"

सगळं सावदं माझ्या तोंडाकडे बघत होतं. पांढऱ्या साडीतली साक्षीही बघत होती, बापाची लाज राखा म्हणून. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. प्यायलो. टाळ्या पडल्या! मग सगळेच प्यायले.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली दवाखान्यात आडवी झाली. नळवाला येऊन सांगून गेला, की गटार खरवडताना फावड्याने पाइपचा जोड उखडला, आणि गटारीचं पाणी नळात शिरलं. म्हणजे गटार धुतलीच नसती, तर... जाऊ द्या.

रात्री माझ्या शेजारच्या खाटेवरच्या नानांना सावद्याहून साक्षीचा फोन आला. "बाबा, सासरा आडा पडेल शेतस, नंद बी. मी एकलीच उभी शे. बठ्ठासले मीठ-साखरनं पानी पाजी ऱ्हायनी." नाना भिंतीकडे तोंड करून रडले. मला त्यांच्याकडे बघवेना.

माझ्या जागी आमच्या खात्यातल्या समाधानने पुढचा नमुना नेला. धुवायला गल्लीत कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे अगदी अस्सल निघाला. प्रयोगशाळेतून लगेच फोन आला.

"काय सुंदर नमुना पाठवलात! जंतूच जंतू! तुमच्या गल्लीत साथ येण्याची दाट शक्यता आहे. लोकांना आधीच सावध करा. उद्या साहेब स्वतः पाहणीला येताहेत."

मी वॉर्डभर नजर फिरवली. या खाटेवर नाना, त्या खाटेवर आचारी, पलीकडे फावडेवाले ओळीने.

"सगळे समोरच आहेत," मी म्हटलं. "सांगतो."

लिलाबाईंनी सलाइनचा हात सांभाळत मान वर केली. "काय म्हनतस धुळावाला?"

"उद्या साहेब येणार, काकू. गटार बघायला."

बाईंनी खाटेवरून पाय खाली सोडले आणि चप्पल चाचपू लागल्या.

"मंग फिनेल कोना घर उरेल शे रे?"