फळखाऊ कबुतरांचे थांबे

साकोलीत तहसीलसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक माझ्याकडे सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा फॉर्म घेऊन येतात. सुखदेवजी कबुतरं घेऊन येतात. दर सोमवारी, नेमकी रांग लागलेली असताना.

जिवंत नव्हे, यादीतली. पॅसिफिक आणि आसपासच्या बेटांवरची फळखाऊ कबुतरं: कोणतं कुठल्या बेटावर, डोकं कोणत्या रंगाचं, कोणत्या गटात मोडतं. सुखदेवजी एस.टी.त कंडक्टर होते. साकोली-लाखांदूर करण्यात जन्म गेला, नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पण फिजीतल्या नारंगी कबुतराची माहिती अशी सांगतील की जणू त्याचं तिकीट यांनीच फाडलंय.

‘वितरण’, म्हणजे पक्षी कुठपर्यंत आढळतो ते, हा त्यांचा लाडका शब्द. बाकावर बसलेल्या कुणालाही विचारणार, "तुमचं वितरण कुठपर्यंत?" आसगावचा एक शेतकरी घाबरलाच, त्याला वाटलं फॉर्मातला रकाना राहिला. तो गाव सोडून कुठं राहिलाच नाही हे कळल्यावर सुखदेवजी गंभीर झाले. "फक्त आसगाव. दुर्मिळ आहा बाप्पा तुमी, सांभाळून राहा," म्हणाले.

हसायला ठीक आहे, पण टाईप मला करावं लागतं. पक्ष्यांच्या शास्त्रज्ञांना दुसरा कामधंदा नाही. अमुक कबुतर या गटातलं नाही, त्या गटातलं, असं मधूनच ठरवतात. मोबाइलवर ते वाचलं की सुखदेवजी हजर, आणि मी पुन्हा यादी दुरुस्त करून राहिलो. न्यू कॅलेडोनियातलं एक कबुतर आपल्या गटात एकटंच होतं. त्याला मोठ्या गटात घेतल्याचं कळलं, तेव्हा यांनी अख्ख्या रांगेला आलूबोंडे खाऊ घातले. "एकटं होतं बिचारं," म्हणाले. मीही एक खाल्ला. वाद घालायचं त्राण कुणात आहे?

गेल्या सोमवारी मात्र माझं डोकं फिरलं. यादीला ना आगा ना पिछा. फिजीनंतर जावा, जावानंतर पुन्हा फिजी, मग ताहिती. म्हटलं, एकदाची शिस्त लावून टाकू म्हणजे सुटलो. सगळी नावं अकारविल्हे लावली, दोनदा आलेल्या ओळी उडवल्या, सेव्ह केलं आणि छापील कागद त्यांच्या हातात दिला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

त्यांनी कागद वरून खाली पाहिला. मग बाकावर बसले.

"जुनी यादी आहे काय?"

नाही म्हटलं, तिच्यावरच सेव्ह केली.

"तो पक्ष्यायचा क्रम नव्हता, प्रकाश. ते विलासचे थांबे होते."

विलास म्हणजे त्यांचा मुलगा, मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये असतो, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. आईच्या तेरवीनंतर तो गावाकडे आलाच नव्हता, सुट्टीतही मुंबईत मित्राकडे राहायचा. फोनवर बापलेकांना बोलायला काही सुचायचं नाही. ‘जेवला?’ ‘जेवलो.’ संपलं. मग जहाज ज्या बंदराला लागेल तिथलं कबुतर सुखदेवजी शोधू लागले. कबुतराचं नाव काढलं की पोरगा दोन मिनिटं जास्त बोलायचा. मी उडवलेली प्रत्येक ओळ म्हणजे त्याचा एक फोन होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांगेला उद्या या म्हणून सांगितलं, शिव्या खाल्ल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"सांगा, पहिला थांबा कोणता?"

ते उठून उभे राहिले, डोळे मिटले आणि गाडीत थांबे पुकारायचे तसे एकेक बंदर सांगत गेले. एकही चुकलं नाही. शेवटी होनोलुलू आलं आणि ते थांबले.

"पुढं?" मी विचारलं.

"हवाई बेटायवर फळखाऊ कबुतर नाही. मुळातच नाही. काल त्याचा फोन आला होता. वाजू देला मी."

"काहून?"

"आता बोलू कशावर त्याच्याशी?"

मी इतका थकलो होतो की नीट समजूत घालणंही जमेना. तहसीलच्या वडाकडे बोट केलं. त्याची फळं पिकली होती, आठवडाभर हरियलांचा, म्हणजे हिरव्या रानकबुतरांचा, थवा वर बसून होता आणि खाली माझी गाडी घाण करत होता.

"ते कोण आहेत? ते सांगा ना त्याला."

सुखदेवजींनी बराच वेळ वर पाहिलं. मग फोन लावला.

"विलास, तिथं काही नाही रे. पण आपल्या तहसीलच्या वडावर हरियल आले आहेत. तुह्या त्या कबुतरायचेच नातलग." फोन दुसऱ्या कानाला लावून म्हणाले, "मले आता एकट्यानं पाहावत नाही. पाहाले येजो."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला, चष्मा पुसला आणि होनोलुलूच्या खाली साकोली लिहायला सांगितलं. पक्षी, हरियल. मी लिहिलं आणि फॉर्म भरायच्या सवयीनं तारीख विचारली.

"तो रकाना मोकळा ठेव," सुखदेवजी म्हणाले. "तारीख त्याले भरू दे."