निकमनानांची खालची ओळ

निकमनाना गिटारवर काय वाजवतात, हे आमच्या चाळीत कधीच कुणाला ओळखता आलं नाही. भजन, सिनेमातलं गाणं की मिलिटरीची कूच, यावर रोज संध्याकाळी मतभेद असत. नाना मात्र वाजवून झालं की चष्मा कपाळावर सरकवून मोठ्या आशेनं विचारायचे, "वळाकलं का, मास्तर?"

"ऐकल्यासारखं वाटतंय," मी म्हणायचो. एवढं खोटं मला जमायचं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार. सांगलीत एका हायस्कुलात मी नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. गावभागात खोली मिळाली आणि शेजारी नाना मिळाले. मूळचे मेढ्याकडचे. पलटणीच्या बँडमध्ये ते पितळेचा भला थोरला भोंगा वाजवायचे, गाण्याच्या तळाशी घुमणारा. पुढं दम्यानं धरलं, डॉक्टरांनी फुंकणं बंद केलं आणि नाना घरी आले. येताना बँडमधली आपली वही आणली, आणि पुण्यात कुणा ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेली जुनी बेस गिटार. चार तारा, पण एकेक सुतळीएवढी जाड. भोंग्याचे सूर आणि हिचे सूर सारखेच खालचे. तोंडानं जमत नाही तर बोटांनी काढू, असं त्यांनी ठरवलं.

वहीत पाच-पाच रेघा आणि त्यांवर काळ्या टिकल्या. ती नुसती नानांच्या पार्टची वही. गाण्याची चाल दुसऱ्यांच्या वह्यांत. "गानं वर चालत असतंय, आमी खालनं जात असतोय," नाना सांगायचे. आवाज मोठा यावा म्हणून गिटारची वायर रेडिओच्या पाठीत खुपसून ते बसले की माझ्या मांडणीवरची ताटं थरथरायची. पहिलीतल्या मुलानं अक्षर लावावं तशी ते एकेक टिकली लावायचे. एक पान बसायला महिना जायचा.

कुणी म्हणालं, "नाना, रेडिओवरचं ते नवं गाणं वाजवा की," तर नाना विचारत, "कागदावर हाय का?" जिना आळीपाळीनं झाडायचं ठरलं, तेव्हाही तेच. एकदा नानांच्या बायकोनं, काकींनी, आतून हाक मारली, "आवं, जेवाय चला."

"कागदावर..."

"ताटात हाय!" काकी म्हणाल्या. नाना मुकाट्यानं उठले.

एका गणपतीत चाळीनं त्यांचा कार्यक्रम ठेवला. नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसले, चार ठोके वाजवले आणि थांबले. ओठ हलताहेत, पाय ताल धरतोय, आवाज नाही. लोक वाट बघताहेत. शेवटी कुणीतरी संपलं समजून टाळ्या वाजवल्या.

नाना भडकले. "वाजीवतोय न्हवं मी!"

"कुठं, नाना?"

"रेस्ट हाय! सोळा बार, म्हंजी सोळा येळा ताल मोजूस्तवर, गप बसायचं लिवलंय. गप बसनं बी वाजीवनंच हाय!"

मग हिशोब चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून गप बसले.

पुढं जे झालं ते माझ्यामुळं. गावातल्या एका ऑर्केस्ट्राला बेस गिटारवाला हवा होता. मी शिफारस केली. त्यांनी एका गाण्याचा खालचा पार्ट कुणाकडून तरी लिहून आणला, आणि नानांनी सहा आठवडे खपून तो बसवला. तालमीच्या दिवशी सगळं छान चाललं होतं. पण गाणारा रंगात आला आणि शेवटी मुखडा पुन्हा म्हणू लागला. तबलेवाला गेला त्याच्यामागं, अकॉर्डियनवाला गेला. नानांनी शेवटचा सूर वाजवला, कागदाची घडी केली आणि हात मांडीवर ठेवून सरळ बसले.

"अहो, वाजवा की!"

"कागद संपला," नाना म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, आणि ते नानांनी पाहिलं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी चहा पाजून निरोप दिला. घरी येताच नानांनी गिटार खुंटीला टांगली.

त्यानंतर गिटार खुंटीलाच राहिली. आठ दिवस नानांच्या खोलीतून बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या. नवव्या दिवशी काकी माझ्या दारात उभ्या.

"मास्तर, बातम्या ऐकून ऐकून मला याड लागंल. ह्यास्नी मलकापूरला न्या. बाबालालकडं."

बाबालाल मुल्ला म्हणजे बँडमधले बासरीवाले. बारा वर्षं दोघांच्या खाटा शेजारी होत्या. मुल्लांनी गावी येऊन शिलाईचं दुकान टाकलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं, अर्धं तोंड लुळं पडलं, बासरी कायमची सुटली. तेव्हापासून नाना तिकडं फिरकले नव्हते.

"मला बगवायचं न्हाई त्याला तसं," आतून नानांचा आवाज आला.

"आन त्येनं तुमाला बगायचं न्हाई व्हय?" काकी म्हणाल्या.

रविवारी मी आणि नाना एसटीनं निघालो. गिटार नानांच्या मांडीवर, धोतरात गुंडाळलेली. मलकापुरात दुकान सापडलं, पण नाना दारातच थबकले. आत खुर्चीवर मुल्ला बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"लय येळ लावलास रं, निकम."

"यस्टी लेट हुती," नाना म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

चहा झाला. मुल्लांनी ट्रंकेतून आपली बासरीची, चालीची वही काढायला सांगितली. रेडिओ नव्हता, त्यामुळं गिटारचा आवाज कापडाआडून आल्यासारखा येत होता. मुल्ला वाकड्या तोंडानं वही बघत "ला ला" म्हणू लागले. नाना खालून निघाले. आणि चार-दोन ओळींतच माझ्या लक्षात आलं, की हे तर माझी ताई वेणी घालताना गुणगुणायची ते गाणं! वर्षभर भिंतीपलीकडून हेच येत होतं.

"वळाकलं का?" नानांनी विचारलं.

मी पुढची ओळ गुणगुणून दाखवली.

निघताना मुल्लांनी वही माझ्या हातात दिली. "पेटी वाजीवता म्हनं तुमी. ह्ये घ्या. मला आता शेवटापातूर दम पुरत न्हाई. त्येला एकट्याला खालनं चालू देऊ नका."

टिकल्या वाचायला मला नानांनीच शिकवलं. पंधरा दिवसांत पहिलं पान बसलं आणि एका संध्याकाळी मी पेटी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. तिसऱ्या ओळीशी पेन्सिलीनं काहीतरी बारीक लिहिलं होतं. इतके दिवस मी टिकल्यांच्या नादात ते वाचलंच नव्हतं. मी वही दिव्याखाली धरली.

'हितं जरा थांबनं. निकमला येऊ देनं.'

पान उलटलं. पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही.

मी वही नानांपुढं केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग बोटानं पुसल्यासारखं केलं, पण पुसलं नाही. "बाबालालचं अक्षार," एवढंच म्हणाले. उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं, पंच्यानं बराच वेळ पुसत राहिले. काकींनी निवडायचे तांदूळ खाली ठेवले आणि भिंतीला टेकून बसल्या.

नाना परत आले, गिटार मांडीवर घेतली. "चला, मास्तर."

आम्ही सुरू केलं. तिसऱ्या ओळीशी मी थांबलो. नानांचं बोट जाड तारेवर जागा शोधत होतं.