मान वाकव!

उदगीरमध्ये मन्मथअप्पांना कुणी नमस्कार म्हणून "शरणार्थ" म्हटलं, तर उलट "शरणार्थ" मिळायचा नाही. "मान वाकव" ऐकायला मिळायचं. मग अप्पा त्याचा कान मुडपून मागं बघत. गोचीड आहे का!

लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं दडी मारली होती. माणसांना कचेऱ्या मिळाल्या, जनावरांना छावणी. छावणीत जनावरं अंगाला अंग लावून उभी, त्यामुळं गोचिडींची चंगळ. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., म्हणून चारावाटपाचं काम मला मिळालं. अप्पा माझे शेजारी. किराणा दुकान अर्धं उघडं टाकून रोज छावणीत हजर. त्यांची एक गाय होती तिथं, पण तपासायचे माणसं.

"गोचीड चावलेली कळत न्हाई, बी.ए. साहेब. दुखतच न्हाई. गप बसून पिती." मग सरबत्ती. "ताप हाय? डोकं ठणकायलंय? सांधे? लाल चट्टा पसरायलाय का?" कुणी चिकटलेल्या गोचिडीला बिडीचा चटका द्यायला निघाला, की ओरडत, "आरं चिमट्यानं धर! कातडीजवळ! सरळ वढ!" ताप निघाला तर हाताला धरून दवाखान्यात. नाही निघाला तरी सुटका नव्हती. "उद्या परत दाखव. ताप मागनं येतोय."

एकदा मोठे साहेब पाहणीला आले. अप्पा पुढं झाले, "मान वाकवा." साहेबांना वाटलं, हार. त्यांनी सवयीनं वाकवली. अप्पांनी दोन्ही कान मुडपून बघितले आणि साऱ्या छावणीला ऐकू जाईल असं सांगितलं, "साहेब साफ हायत. पण जवळच्यांवर नजर ठेवा. गोचीड पोट भरल्यावर गळून तरी पडती." चाऱ्याचा ठेकेदार नेमका साहेबांना चिकटून उभा होता.

छावणी उठली. गाय अप्पांनी भावाकडं कंधारला धाडली. नंतर दोन-चार दिवस दुकान बंद दिसलं, म्हणून मी आत डोकावलो. अप्पा बाजेवर बसलेले.

"ताप हाय का अप्पा?"

"न्हाई रे. मानंवर कायतरी वळवळल्यागत होतंय." मानेवर हात फिरवत म्हणाले, "तुझी काकू होती तवर ती बघायची. माणसाला सोताच्या कानामागलं दिसत न्हाई."

"मान वाकवा," मी म्हणालो.

कान मुडपला. पांढरे केस बाजूला सारले. काही नव्हतं.

"नीट बघ. गडबड करू नको."

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. अप्पांनी डोळे मिटले होते.

"हाय का काय?"

"आज तरी न्हाई," मी म्हणालो. "पण उद्या परत बघावं लागंल, अप्पा. ताप मागनं येतोय."