तक्रारदार आणि संशयित

फसवणूक करणाऱ्यांनी आमच्या घराचा नाद सोडलेला बरा. इथे त्यांची गाठ माझ्याशी आहे! अनोळखी नंबर मी उचलत नाही, उचललाच तर बोलत नाही, आणि बोललेच तर स्वतःचं नावसुद्धा कबूल करत नाही. मागच्या महिन्यात लेकीच्या लसीची आठवण करून द्यायला दवाखान्यातून फोन आला. त्या नर्सला मी म्हटलं, "माझ्या मुलीचं वजन किती ते सांगा, मग मानते." तिनं ग्रॅमपर्यंत सांगितलं. मग मला रात्रभर वेगळीच काळजी, हिला एवढं कसं माहीत!

तर अशा माझ्याकडे धाकटीला पैसे पाठवायचं काम आलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. परदेशात शिकायला गेलीय आणि मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी गादी टाकून झोपतेय. त्या मैत्रिणीला शनिवारी ते घर सोडायचं होतं. धाकटीनं एक खोली हेरून ठेवली होती. घरमालकीण मोजकं बोलणारी होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अनामत भर, नाहीतर खोली दुसरीला!

पैसे आमच्या पतसंस्थेतून जाणार होते. लहानशी संस्था, तीन काउंटर, एक व्यवस्थापक. परदेशातला व्यवहार असला की ती एका मोठ्या बँकेमार्फत पाठवते.

"सगळे एकदम पाठव आणि मोकळी हो," नवरा म्हणाला.

"एकदम? खातेक्रमांकात एक आकडा चुकला तर? कुणीतरी परका माणूस आपल्या पैशांवर चैन करेल! आधी शंभर पाठवायचे. ते पोचले की बाकीचे."

"मग धाकटीला तसं सांगून ठेव."

"फोनवर? रक्कम, तारीख, सगळं फोनवर? अरे, कुणी ऐकलं म्हणजे?"

नवऱ्यानं वर्तमानपत्र उघडलं. वाद संपवायची ही त्याची पद्धत आहे.

धाकटीला मी रकमेचं काहीच सांगितलं नाही. त्याऐवजी तासभर सावधगिरीचे धडे दिले. "अनोळखी नावानं खात्यात पैसे आले तर हात लावायचा नाही! चोर आधी थोडे टाकतात आणि मग हात धुऊन मागे लागतात. लगेच बँकेत जाऊन परत पाठवायचे. कळलं?"

"हो गं ताई."

"म्हणून दाखव."

तिनं शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं. मला फार समाधान वाटलं.

सोमवारी शंभर पाठवले. मंगळवारी काही नाही. बुधवारी दुपारी लेकीला वरणभात भरवत होते, इतक्यात मोबाईल वाजला. "आपल्या खात्यात ब्याऐंशी जमा." पाठवणाऱ्याच्या जागी एका परदेशी बँकेचं लांबलचक नाव! वाचताना मला दोनदा श्वास घ्यावा लागला.

चमचा हवेतच राहिला. लेकीनं आ वासलेला, मीही वासलेला. ब्याऐंशी! शंभर नाही, पन्नास नाही, ब्याऐंशी! खरा माणूस असा तुटका आकडा कशाला पाठवेल? मी तडक पतसंस्थेत फोन लावला.

"माझं खातं बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

परदेशी व्यवहार बघणाऱ्या बाई शांत होत्या. "कायमचं?"

"चौकशी होईपर्यंत! कुणीतरी माझ्या खात्यातून काळे पैसे फिरवतंय."

"किती आलेत मॅडम?"

"ब्याऐंशी."

"मॅडम, कदाचित तुमचेच काही..."

"माझे नाहीत! माझे असते तर मला ओळखू आले नसते?"

"लेखी द्याल?"

लेखी? लगेच! अकरा मुद्द्यांची तक्रार पाठवली. सातव्या मुद्द्यात तर संशयिताला अजिबात दयामाया दाखवू नये अशी आग्रहाची विनंती होती. चार वाजून दहा मिनिटांनी माझं खातं गोठवलं गेलं. संध्याकाळी नवरा घरात शिरताच सगळं सांगितलं.

त्यानं बूट काढता काढता विचारलं, "शाबास. आणि धाकटीचे पैसे आता कुठल्या खात्यातून पाठवणार?"

मी त्याचे बूट उचलून जागेवर लावले.

गुरुवारी दुपारी धाकटीचाच फोन आला. "ताई, पैसे कुठायत? उद्या दुपारी खोली जाईल गं!"

"पाठवतेय. तुला, म्हणजे, काहीच आलं नाही?"

"तुझं काही नाही आलं. उलट मंगळवारी कुठल्या तरी अनोळखी बँकेच्या नावानं एका भामट्यानं शंभर टाकले होते!"

मी खुर्ची शोधली.

"घाबरू नकोस, मी अर्ध्या तासात परत पाठवले! अगदी तू सांगितलंस तसं. बँकेनं त्याचे वर अठरा कापले. बरं झालं मेल्याचं!"

शंभर वजा अठरा. माझं गणित फार चांगलं नाही, पण एवढं मला त्या क्षणी आलं.

लेकीला कडेवर घेतलं आणि पतसंस्था गाठली. मला बघून काउंटरवरच्या बाईंनी बोलायच्या आधीच व्यवस्थापकांच्या खोलीकडे बोट केलं. म्हणजे अकरा मुद्दे सगळ्यांनी वाचले होते!

व्यवस्थापक साठीला आलेले, चष्म्याला दोरी बांधलेले, नियमाबाहेर पाऊल न टाकणारे गृहस्थ. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तक्रारदार तुम्ही."

"हो."

"आणि संशयित?"

"तीही मीच."

"हं. तक्रारदारानं तक्रार मागे घेतल्याचा एक अर्ज, संशयितानं खुलासा दिल्याचा दुसरा. तीनच्या आत झालं तर मोठ्या बँकेतून आजच जाईल आणि उद्या सकाळी पोचेल. तीननंतर सोमवार."

सोमवारी धाकटी फ्रिजशेजारीसुद्धा नसणार! घड्याळात दोन वाजून पाच झाले होते. मी पहिला अर्ज लिहायला घेतला. तेवढ्यात लेकीनं शिक्क्याच्या शाईत दोन्ही पंजे बुडवले आणि ते माझ्या खुलाशाच्या कोऱ्या अर्जावर उमटवले. निळेशार, दहाही बोटं.

"राहू दे," व्यवस्थापक म्हणाले, "अंगठ्याचे ठसे चालतात आपल्याकडे." मग तक्रारदाराच्या अर्जातला एक रकाना वाचू लागले. "संशयिताला आपण किती वर्षं ओळखता?"

"एकतीस."

"आपल्या मते ती विश्वासू आहे का?"

कालपर्यंत मी ताडकन हो म्हटलं असतं. आज जरा थांबले. त्यांनी "बऱ्यापैकी" असं लिहून घेतलं.

"आता शेवटचं. ते शंभर आपणच परत केले, हे तुमच्या बहिणीनं आम्हाला फोनवर सांगायचं. संस्थेच्या फोनवरून."

दोन वाजून बत्तीस. त्यांनी नंबर लावला. धाकटीनं कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. आणि का नाही कापणार? अनोळखी नंबर! शिकवण कुणाची?

"माझ्या मोबाईलवरून लावू?"

"नियमात बसत नाही."

पाचव्या वेळी तिनं उचलला. खोलीभर ऐकू जावं म्हणून व्यवस्थापकांनी स्पीकर लावला होता. "मी आपल्या ताईंच्या पतसंस्थेतून..." एवढंच ते म्हणाले.

"लाज वाटत नाही? ह्या वयात असले धंदे करता!"

व्यवस्थापकांचा चष्मा दोरीवर आला. मी फोनवर झेपच घेतली. "अगं, मी आहे! मी! ताई!"

"कशावरून? हल्ली आवाजाची नक्कल करतात. माझ्या ताईनंच सांगितलंय."

"अगं ती ताई मीच!"

"मग असं काहीतरी सांग, जे फक्त ताईला माहीत आहे. मी दुसरीत असताना आईच्या कपाटातल्या डब्यातून पैसे कुणी चोरले?"

दोन वाजून एकेचाळीस. दारात काउंटरवरच्या बाई काहीतरी कागद घेऊन उभ्या होत्या. त्या कागद न देताच उभ्या राहिल्या.

"धाकटे, आत्ता वेळ नाही..."

"ठेवते मग."

"मी चोरले!"

"काय? नीट ऐकू आलं नाही."

"मी! मी चोरले!" लेकसुद्धा दचकून माझ्याकडे बघायला लागली.

"कशासाठी?"

"स्ट्रॉबेरीच्या वासाच्या खोडरबरासाठी."

"आणि नाव कुणाचं घेतलंस?"

"तुझं."

"आणि महिनाभर सायकल कुणाची बंद झाली?"

"तुझी गं बाई, तुझी! माझं चुकलं! आता ह्यांना सांग, ते शंभर तू परत केलेस!"

"हो काका, मीच परत केले," धाकटी एकदम मधाळ आवाजात म्हणाली. "आमची ताई तशी चांगली आहे."

व्यवस्थापकांनी पेन उचललं. माझ्याकडे पाहिलं. "बऱ्यापैकी" ह्या शब्दावर त्यांची नजर थोडा वेळ थांबली. तो खोडतात की काय, ते मी टेबलावर वाकून बघू लागले. पण त्यांनी सही केली. दोन वाजून बावन्न मिनिटांनी सगळे पैसे गेले. एकदम. कुठलीही चाचणी न घेता.

शुक्रवारी सकाळी धाकटीचा फोटो आला. हातात किल्ली, मागे खोली. खोलीला खिडकी होती आणि फ्रिज नव्हता. मला रडूच आलं. खाली लिहिलं होतं, "ताई, थँक यू! आणि एक सांगू? तुझा आवाज मी पहिल्या 'अगं'लाच ओळखला होता. पण अशी संधी परत कधी आली असती?"

हल्ली मी पतसंस्थेत गेले की व्यवस्थापक अगदी आदरानं उठून नमस्कार करतात. मग बसायच्या आधी टेबलाचा खण पोटानं हळूच आत ढकलतात आणि किल्ली खिशात टाकतात.

सावध माणूस. मला काय बोलायला तोंड आहे?