समोरच्याची डावी बाजू

बिराजदार सरांसोबत रिक्षात बसायची वेळ आली, तर रस्ता तुम्ही सांगा. सात रस्त्याच्या चौकात ते "डावीकडं घे" म्हणतात आणि हात उजवीकडे करतात. एकदा रिक्षावाला वैतागला. "सर, मुँह का सुनूँ की हात का?"

दोष अकरावीच्या गणिताचा. सर मुलांकडे तोंड करून हातांनीच आलेख काढतात. मुलांना सुलट दिसावा म्हणून स्वतः उलटा काढायचा. अशाने त्यांचं स्वतःचं डावं-उजवं उरलेलंच नाही. साइनची लाट काढताना ते कमरेपासून हलतात. मुलं हसतात. "हसा की! पण नोड्री, लाट कुटं तुटली का?" 'नोड्री' म्हणजे कानडीत 'बघा'. स्टाफरूममध्ये चहा आला, तरी ते हवेत उतरती रेघ ओढतात. "आधी झपाट्यानं निवतो, मग रेंगाळतो. पहिल्या घोटाला घाई करा."

त्यांच्या पत्नीला, महादेवी वहिनींना, पक्षाघात झाला, तेव्हा मी शेजारच्या टेबलावरून नुसतंच "येतो एकदा" म्हणत राहिलो. कामं आहेत, असं सांगायचो. खरं तर आजारी माणसासमोर काय बोलावं, हे मला कळत नाही. शेवटी गेलो.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. डोळे शाबूत होते, पण डाव्या बाजूला काही असतं, हेच त्या विसरल्या होत्या. ताटातलं उजवीकडचं संपवून "झालं" म्हणायच्या.

सर त्यांच्यासमोर उभे राहिले. मला म्हणाले, "एक्सच्या वर्गाच्या आलेखाची दोन्ही टोकं वर. घनाचं उजवं वर, डावं खाली. उजवीकडून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं तर डावीकडं बघावंच लागतं. तिकडं नजर गेली, तर चालायचं शिकवू म्हणालेत डॉक्टर."

मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

"महादेवी, नोडु. वर्ग का घन?"

"पाव्हण्यासमोर परीक्षा घेता व्हय?"

"सांग की."

वहिनींची नजर उजवीकडून निघाली, मध्यावर आली आणि थांबली. कपाळाला आठ्या पडल्या.

"घन," त्या म्हणाल्या, आणि बरोबर ना, अशा आशेने माझ्याकडे पाहू लागल्या. मी सरांकडे पाहिलं; त्यांचे दोन्ही हात अजून वरच होते.

सरांनी आपला उजवा हात, वहिनींच्या डावीकडचा, अलगद खाली आणला.

"बरोबर," ते म्हणाले.