बाळंतपणाचा व्हिसा

"अवलंबून? मी? आणि तेही जावयावर?" शमुवेलरावांनी चहाची बशी खाली आदळली.

मार्थाबाई खारका फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. दौंडला मालगाडीचा गार्ड म्हणून जन्म काढलेला माणूस घरातही इंजिनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलतो, याची त्यांना सवय होती.

निवृत्तीनंतर दोघं शिरूरला, मिशनच्या आवाराला लागून असलेल्या आपल्या घरात राहायला आली होती. एकुलती एक लेक सारा आफ्रिकेत, नैरोबीला. जावई सत्यवान तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात. साराचं हे पहिलंच बाळंतपण. ती स्वतः नर्स. लोकांची कितीतरी बाळं तिच्या हातांवर जन्मलेली. पण परवाच्या पत्रात तिनं विचारलं होतं, 'आई, बाळंतशेपा किती भाजायच्या?' बाकी पत्रात सगळं खुशालीचं होतं. मार्थाबाईंनी तेवढीच ओळ पुन्हा वाचली आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

बाळ चालायला लागेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष तिकडं राहायचं ठरलं. जायचं बोटीनं, हेही ठरलं. पण जायचं कोण म्हणून, इथं घोडं अडलं. व्हिसाचे तीन प्रकार होते. पाहुणे म्हणून गेलं तर तीन महिन्यांत परत फिरायचं. अवलंबून म्हणून गेलं तर हवे तितके दिवस राहता येईल, पण आम्ही यांना पोसू असं जावयानं लिहून द्यायचं. तिसरा प्रकार नोकरीवर जाणाऱ्यांचा. तो आपल्याला काय करायचा, म्हणून शमुवेलरावांनी वाचलासुद्धा नाही.

सल्ल्याला हौसराव आले. कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणारा माणूस. आफ्रिका कुठं आहे हे ठाऊक नसलं तरी अर्ज कसा असतो हे पक्कं ठाऊक.

"गार्डसायेब, अवलंबून म्हंजी काय शिवी न्हाई. आता दोडक्याचा येल मांडवावर अवलंबूनच असतो की!"

"मग त्या वेलाला पाठव नैरोबीला!"

"बरं, ऱ्हायलं. पाव्हणं म्हणून जावा. तिकडं गेल्याव मुदत वाढवून घ्यायची."

हे शमुवेलरावांना पटलं. मार्थाबाईंना पटेना. "पाव्हणी कशी म्हणू मी? पाव्हणी पाटावर बसून जेवती. मी लेकीचं बाळंतपण कराया चाललीय."

"साहेबानं विचारलं की एकच शब्द बोलायचा. पाहुणी. पुढचं मी इंग्रजीत बघतो."

शेजारच्या बानूबाईनं तुपाचा डबा आणि बाळासाठी मऊ लोकरीचं घोंगडं आणून दिलं. "मार्थाक्का, तिकडं थंडी असती का वं?"

"असली तर असूं दे. घोंगडं हाय न्हवं आता."

मुंबईच्या व्हिसाच्या कचेरीत टेबलाशी एक मराठी कारकून होता. तरणा आणि मोठा गोड बोलणारा. तिथंच सगळा घोटाळा झाला. खेकसणारा असता तर मार्थाबाई एका शब्दावर थांबल्या असत्या.

"कोण म्हणून चाललात, बाई?"

"पाव्हणी," मार्थाबाई म्हणाल्या. शमुवेलरावांनी समाधानानं टोपी सारखी केली.

"छान. लेकीकडे का? मग आता आराम!"

"आराम कुठला, बाबा! पहाटं उठून पाणी तापवायचं. लेकीच्या अंगाला तेल लावायचं, शेक द्यायचा, ओव्याची धुरी द्यायची. मग बाळाची अंघोळ. दुपट्याचं धुणं. तिला डिंकाचं लाडू, जावयाचा डबा, आन् ह्यांचं पथ्याचं येगळं."

कारकुनाची लेखणी थांबली. "बाई, पण हे तर काम झालं. पाहुण्यांना तिथं काम करायची मनाई आहे."

"मग मी काय बसून खानार हाय? पाव्हणी म्हनायचं ह्यांनी सांगितलं म्हणून म्हनले. मी कामाला चाललीय."

शमुवेलराव पुढं सरसावले आणि गार्डाच्या आवाजात सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नो, नो! माय वाइफ डझ नॉट वर्क!"

मिशनच्या शाळेत शिकलेल्या मार्थाबाईंना एवढं इंग्रजी कळत होतं. त्या वळल्या.

"मी काम करत न्हाई?"

"अगं, तसं नव्हे..."

"दौंडात रात्री-अपरात्री तुमची ड्युटी लागायची, तवा चूल कोन पेटवत होतं? स्टेशनमास्तर?"

रांगेतली माणसं हसली. आतून साहेबांनी चौकशी केली. कारकुनानं जे ऐकलं ते सांगितलं. आणि पाहुणीचा अर्ज बाजूला पडून मार्थाबाईंच्या पुढं नोकरीचा अर्ज आला. मालक म्हणून सत्यवानाचं नाव पडलं. त्याचा तिकडून होकार आला की पुढचं. शमुवेलरावांचा अर्ज तोवर तसाच ठेवला.

परतीच्या गाडीत मार्थाबाई खिडकीशी बसल्या. वाटेत एका स्टेशनात शमुवेलरावांनी फलाटावरून चहा आणून दिला. मार्थाबाईंनी तो घेतला आणि खिडकीबाहेर बघत प्यायला.

शिरूरला बातमी त्यांच्या आधी पोचल्यासारखी झाली. मार्था रणभिसेला आफ्रिकेत नोकरी लागली! रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. गल्लीतली अनसाबाई आपल्या सुनेचं कुठं जमतंय का, म्हणून विचारून गेली. बाजारात हौसराव लांबून ओरडले, "काय गार्डसायेब, बाई कामाला आन् तुमी घरी?"

एरवी शमुवेलरावांनी त्यांचा तिथंच समाचार घेतला असता. पण त्या दिवशी ते गुमान घरी आले. मार्थाबाई उघड्या ट्रंकेपाशी बसल्या होत्या. भरलेले डिंकाचे लाडू त्यांनी बाहेर काढले होते.

"हे कशाला काढलेस?"

"खवट व्हायच्या आत खाऊन टाका. साराचं दिवस आपल्यासाठी थांबणारेत व्हय?"

शमुवेलरावांनी टोपी खुंटीला अडकवली. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसले. "मार्था, सत्यवान तसा चांगला मुलगा आहे, नाही का?"

"व्हय की. का?"

"अवलंबून तर अवलंबून. दोघांचं लिहून टाकतो त्याला. तू लाडू आत ठेव."

ते पत्र टपालात पडायच्या आतच मुंबईहून बोलावणं आलं. सत्यवानानं होकार पाठवला होता: बाळबाळंतिणीची देखभाल करण्यास अनुभवी बाई तातडीने पाहिजे. साराच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शिफारस जोडली होती. मार्थाबाईंचा दीड वर्षाचा परवाना मंजूर झाला होता. बोट आठवडाभरात सुटणार होती. साराचे दिवस भरायच्या चांगलं आधी ती पोचत होती.

कचेरीत तोच कारकून होता. मार्थाबाईंच्या पासपोर्टवर शिक्का उमटला. त्या पासपोर्टकडं बघत राहिल्या आणि मग हळूच नवऱ्याकडं.

"आणि मी?" शमुवेलराव म्हणाले. आवाज गार्डाचा नव्हता.

कारकून अवघडला. "साहेब, पाहुणे म्हणून आजच देतो. तीन महिन्यांचा."

"आणि ही दीड वर्ष?"

"एक वाट आहे. बाई नोकरीवर चालल्यात. नोकरदाराच्या माणसांना बरोबर जाता येतं. म्हणजे... बाईंवर अवलंबून म्हणून."

शमुवेलरावांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"लिहा," ते म्हणाले.

कारकून विचारत गेला आणि लिहीत गेला. नाव. वय. कोणावर अवलंबून?

"मार्था शमुवेल रणभिसे."

"केव्हापासून?"

गाड्यांच्या वेळा चुकू न देणाऱ्या माणसानं उत्तराला घाई केली नाही.

"लग्नापासून," ते म्हणाले.

मार्थाबाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीवरचा नकाशा फार निरखून पाहिला. कारकुनानं कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"बाई, इथं सही करा. परदेशात यांच्या खाण्यापिण्याची, दुखण्याखुपण्याची जबाबदारी तुमची. कबूल आहे ना?"

मार्थाबाईंनी नवऱ्याकडं टोपीपासून बुटापर्यंत एकदा बघून घेतलं.

"सही कवाच झालीय," त्या म्हणाल्या, "पर आना हिकडं. तुमच्यासाठी पुन्यांदा करते."